राधा, रीना आणि रोमा

परिचारिकेचा पांढरा गणवेश आपल्या चित्रपटांनी पुष्कळ वेळा पडद्यावर आणला; पण त्या गणवेशाच्या आत एक माणूस असते, याची आठवण फार थोड्या दिग्दर्शकांना राहिली. इंजेक्शनचा ट्रे घेऊन यावे, डॉक्टरांच्या मागे उभे राहावे आणि दाराशी ताटकळलेल्या नातेवाइकांना दोन शब्द सांगून निघून जावे, एवढेच तिचे काम. ख्रिस्ती स्त्रीची गतही याहून निराळी नव्हती. आखूड झगा, मोडके हिंदी, हाती मद्याचा पेला आणि लिली किंवा मोना असे एखादे नाव दिले, की तिची ओळख पुरी झाली असे समजले जाई. मी परिचारिका, आणि ख्रिस्तीही. त्यामुळे मैत्रिणींबरोबर चित्रपट पाहून परतताना माझ्या वाट्याला दुप्पट संकोच येई. हा संकोच दूर करण्याचे काम एका बंगाली अभिनेत्रीने केले. सुचित्रा सेन हे त्यांचे नाव. त्यांच्याविषयी आपल्या वाचकांना काही सांगावे, ही इच्छा फार दिवस मनात होती.

सुचित्रा हे नाव त्यांना चित्रपटसृष्टीने दिले. घरचे नाव रोमा, माहेरचे आडनाव दासगुप्ता. ६ एप्रिल १९३१ रोजी अविभाजित बंगालच्या पाबना जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. आज हे पाबना बांगलादेशात आहे. १९४७ साली, देशाची फाळणी झाली त्याच वर्षी, कलकत्त्याचे उद्योगपती आदिनाथ सेन यांचे चिरंजीव दिबानाथ यांच्याशी रोमाचा विवाह झाला. वय अवघे सोळा. लग्न झाले की नटीची कारकीर्द संपली असे मानण्याचा तो काळ. यांची कारकीर्द मात्र लग्नानंतर पाच वर्षांनी सुरू झाली. १९५२ साली काम केलेला पहिला चित्रपट, ‘शेष कोथाय’, प्रदर्शितच झाला नाही. १९५३ साली निर्मल डे यांचा ‘साडे चुयात्तर’ आला. कलकत्त्याच्या एका खाणावळीवजा मेसमध्ये घडणारा हा विनोदी चित्रपट. त्यात उत्तमकुमार त्यांच्यासोबत प्रथमच आले. पुढच्या वर्षी ‘अग्निपरीक्षा’ने या जोडीला बंगालच्या घराघरांत नेले. त्याच १९५४ साली त्यांची कन्या मुनमुन जन्मली. एका हाताने पाळणा आणि दुसऱ्या हाताने कीर्ती सांभाळण्याची कसरत त्यांनी तेव्हापासून केली. पुढल्या पंचवीस वर्षांत त्यांनी सुमारे साठ चित्रपट केले आणि त्यांतील जवळपास निम्म्यांत नायक उत्तमकुमार होते.

हिंदी प्रेक्षकांना त्यांची ओळख झाली ती बिमल रॉय यांच्या १९५५ च्या ‘देवदास’मधील पारो म्हणून. मला ती व्हायला पुढची वीस वर्षे लागली. १९७५ साली मी मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेत होते. वसईच्या वाडीतून आलेली मुलगी. वसतिगृहाची शिस्त कडक. महिन्याकाठी एखादा चित्रपट पाहण्याची परवानगी मिळे, तीही रात्री नऊच्या आत परतण्याच्या अटीवर. अशाच एका सुटीत आम्ही चौघींनी गुलजार यांचा ‘आँधी’ पाहिला. राजकारणासाठी संसार मागे टाकलेली आरतीदेवी, आणि वर्षांनंतर अकस्मात समोर आलेला तिचा पती. सुचित्रा सेन तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. केसांत पांढरी बट, अंगावर साधी साडी. हिंदी उच्चारांत बंगाली वळण स्पष्ट ऐकू येई. तरीही त्या पडद्यावर आल्या की पाठीचा कणा आपोआप ताठ होई. पुढे आणीबाणी आली. आरतीदेवीत लोकांना इंदिरा गांधींचे प्रतिबिंब दिसत होते. चित्रपटावर बंदी आली. १९७७ साली सत्ताबदल झाल्यावर तो पुन्हा दाखवला गेला.

आमच्या वॉर्डात कलकत्त्याहून आलेल्या एक ज्येष्ठ परिचारिका होत्या. आम्ही सगळ्या त्यांना ‘दीदी’ म्हणत असू. ‘आँधी’चे माझे कौतुक ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, “तू समुद्राचे पाणी ओंजळीत पाहिलेस. समुद्र आमच्याकडे आहे.” त्यानंतर कितीतरी रात्रपाळ्यांत, दोनच्या सुमारास वॉर्ड शांत झाला आणि औषधांच्या नोंदी लिहून संपल्या, की दीदी मला एकेक बंगाली चित्रपट सांगत. ‘हारानो सुर’मधील डॉक्टर, जी स्मृती हरपलेल्या रुग्णाला बरे करते, त्याच्याशी विवाह करते, आणि पूर्वस्मृती परत येताच तो तिलाच विसरतो. या डॉक्टरचे नाव रोमा होते, म्हणजे सुचित्राबाईंचे घरचेच नाव. हे सांगताना दीदींना काय आनंद होई! पुढे नोकरीत स्थिरावल्यावर मी एका फिल्म सोसायटीची सभासद झाले आणि यांतले काही चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह पाहिले. गंमत अशी, की मला ते आधीपासूनच पाठ होते.

या सर्वांत माझ्या मनात घर करून राहिला तो असित सेन यांचा १९५९ चा ‘दीप ज्वेले जाइ’. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या एका कथेवर तो आधारलेला आहे. असित सेन यांनीच १९६९ साली ‘खामोशी’ या नावाने तो हिंदीत केला आणि वहिदा रहमान यांनी ती भूमिका फार समजून केली, हे वाचकांना आठवत असेल. राधा ही मनोरुग्णालयातील परिचारिका. प्रेमभंगाने मन बिघडलेल्या तरुणांना प्रेमानेच बरे करता येईल, असा तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांचा प्रयोग. आणि प्रेमाचा अभिनय करायचा तो राधाने. पहिला रुग्ण बरा होतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. प्रयोग यशस्वी ठरतो. मग दुसरा रुग्ण येतो. राधा आधी नकार देते, मग कर्तव्य म्हणून स्वीकारते. तोही बरा होतो. शेवटी राधाच कोसळते, कारण तिला अभिनय करताच आला नव्हता. ज्या वॉर्डात तिने इतरांना शहाणे केले, त्याच वॉर्डात तिला दाखल करावे लागते.

हा शेवट कोणाला नाटकी वाटेल. मला तो वाटला नाही, याला कारण आहे. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वॉर्डात पंचवीसेक वर्षांचा एक तरुण आला. मज्जातंतूंच्या आजाराने हातपाय लुळे पडलेले. चार महिने तो आमच्याकडे होता. त्याला भरवणे, कूस बदलून देणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणे, पुढे हाताला धरून एकेक पाऊल टाकायला शिकवणे, हे सारे आमच्या हातून झाले. त्याची निराशा औषधाने जाणारी नव्हती. म्हणून मी रोज पाळीवर येताना हसू सोबत घेऊन येई. घरी काही बिनसले असले तरीही. ज्या दिवशी तो घरी गेला, त्या दिवशी आईचा हात धरून तो लांब व्हरांड्यातून चालत निघाला. मी दाराशी उभी होते. त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. त्या मुलाविषयी माझ्या मनात प्रेमबीम काही नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगते. पण छातीत काहीतरी रिकामे झाले खरे. आमच्या मेट्रन मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सिस्टर, पेशंट मागे न पाहता चालत गेला, की समजायचे आपले काम पुरे झाले. आता अठरा नंबरची चादर बदला.”

त्या वाक्यात शहाणपण होते आणि कठोरपणाही. परिचारिकेचे हसू हा तिच्या कामाचा भाग असतो, पण ते अगदी खोटे असून चालत नाही. रुग्णाला खोटे हसू डॉक्टरांच्या आधी कळते. मग खरे किती द्यावे आणि स्वतःजवळ किती ठेवावे? याचे माप कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिलेले नाही. ‘दीप ज्वेले जाइ’मध्ये डॉक्टरांच्या कागदावर रुग्णाच्या नाडीची, झोपेची, बोलण्याची नोंद आहे, राधाची नोंद कुठेच नाही. सुचित्रा सेन यांनी ती नोंद स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवली. रुग्णासमोर हसणारी राधा पाठमोरी होताच तिचे डोळे कसे विझतात, ते त्या कृष्णधवल चित्रपटाच्या सावलीत पाहावे. माझ्या व्यवसायातील भगिनींनी तरी तो एकदा पाहावाच.

राधेनंतर दोन वर्षांनी आली रीना ब्राऊन. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून अजय कर यांनी १९६१ साली ‘सप्तपदी’ काढला. रीना ही अँग्लो-इंडियन ख्रिस्ती मुलगी. कृष्णेंदू हा कर्मठ ब्राह्मणाचा मुलगा. दोघे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकतात. आधी भांडण, मग कॉलेजातील ‘ऑथेल्लो’च्या प्रयोगात एकत्र काम, आणि मग प्रेम. त्या प्रयोगात सुचित्राबाईंच्या डेस्डेमोनाला जेनिफर केंडल यांचा आणि उत्तमकुमारांच्या ऑथेल्लोला उत्पल दत्त यांचा आवाज आहे. या जेनिफर पुढे जेनिफर कपूर म्हणून मुंबईच्या पृथ्वी थिएटरशी कायमच्या जोडल्या गेल्या. विवाहासाठी कृष्णेंदूने ख्रिस्ती व्हावे, अशी रीनाच्या वडिलांची अट; आणि माझा मुलगा मला परत दे, अशी कृष्णेंदूच्या वडिलांची रीनापुढे विनवणी. ती त्या वृद्ध पित्याला शब्द देते आणि कृष्णेंदूला नाकारते. कृष्णेंदू ख्रिस्ती होऊन धर्मसेवक होतो आणि दूरच्या खेड्यात रुग्णसेवेला वाहून घेतो. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत लष्करी वेषातील, मद्याच्या आहारी गेलेली रीना त्याच्यासमोर येते. मधल्या काळात तिला स्वतःच्या जन्माचे रहस्य कळलेले असते: ज्या दाईने तिला वाढवले तीच तिची आई, आणि साहेब बापाने ते नाते जगापासून लपवलेले.

आंतरधर्मीय विवाहाचा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना अपरिचित नाही. कोणी कोणाचा धर्म स्वीकारायचा, यावरून किती घरांत अबोला धरला गेला, हे आपण पाहत आलो आहोत. म्हणूनच ‘सप्तपदी’ मला परका वाटला नाही. परंतु त्याहून मोठी गोष्ट निराळी आहे. रीनाच्या अंगातही झगा आहे, तिच्याही हाती पेला आहे. हिंदी चित्रपटातील लिली-मोनांचे हेच तर साहित्य! पण लिलीच्या हातातील पेल्याला कारण कोणी दिले नव्हते. ती ख्रिस्ती आहे एवढेच कारण पुरेसे मानले गेले. रीनाच्या पेल्यामागे एक फसवलेले बालपण आहे, एक पाळलेला शब्द आहे, आणि विझलेली श्रद्धा आहे. आमच्यातील स्त्रीलाही मन असते, वचन असते, अभिमान असतो, हे एका हिंदू लेखकाने लिहिले आणि एका हिंदू अभिनेत्रीने इतक्या आतून साकारले, की चित्रपट संपल्यावर दिवे लागले तेव्हा मी प्रथमच मान वर करून बाहेर पडले.

१९६३ साली ‘सात पाके बाँधा’ आला. माहेरची श्रीमंती आणि नवऱ्याचा स्वाभिमान यांच्यात भरडून निघालेली अर्चना, आणि तिचा मोडलेला संसार. या भूमिकेसाठी मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. हिंदीत पुढे याच कथेवर ‘कोरा कागज’ निघाला. त्याच वर्षीच्या ‘उत्तर फाल्गुनी’त त्यांनी आई आणि मुलगी अशा दोन्ही भूमिका केल्या, १९६६ च्या हिंदी ‘ममता’तही त्याच दोन्ही भूमिका त्यांच्याकडे होत्या. १९७२ साली पद्मश्री आली.

आणि मग १९७८ साली ‘प्रणय पाशा’ हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर त्यांनी दार लावून घेतले. वय सत्तेचाळीस. निरोपसमारंभ झाला नाही की मुलाखत नाही. कलकत्त्याच्या बालिगंज भागातील घर, निवडक आप्त, रामकृष्ण मिशनशी जडलेले नाते आणि पूजाअर्चा, एवढेच त्यांचे जग उरले. छायाचित्रकार फाटकाबाहेर ताटकळत. तर्ककुतर्कांना ऊत आला. कोणी म्हणे, वार्धक्याचा चेहरा लोकांना दिसू नये म्हणून. कोणी म्हणे, गर्व. त्यांनी कारण कधी जाहीरपणे सांगितले नाही. २००५ साली दादासाहेब फाळके पुरस्कारासाठी त्यांचा विचार झाला, परंतु तो घेण्यासाठी दिल्लीला जायला त्या तयार नव्हत्या, असे वृत्त होते. तो पुरस्कार त्यांनी घेतला नाही.

नकार हा त्यांच्या स्वभावात आधीपासून होता. सत्यजित राय ‘देवी चौधुराणी’ काढणार होते, आणि त्या काळात नायिकेने दुसरे चित्रपट करू नयेत अशी त्यांची अपेक्षा होती. आधी दिलेले शब्द मोडून ती पुरी करणे सुचित्राबाईंना शक्य नव्हते. त्यांनी नम्रपणे नाही म्हटले, आणि राय यांनी तो चित्रपटच सोडून दिला. सत्यजित राय यांना नाही म्हणणे ही बंगालमध्ये काय गोष्ट आहे, ते दीदी मला डोळे विस्फारून सांगत. पाहा, रीना नाही म्हणते ती दिलेल्या शब्दासाठी, आणि तिला साकारणारी स्त्रीही नाही म्हणते ती दिलेल्या शब्दासाठी.

या दीर्घ मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकार मला नाही. परंतु परिचारिकेच्या नजरेने मी त्याच्याकडे पाहते, तेव्हा मला राधा आठवते. आपले हसू कुठे संपते आणि आपण कुठे सुरू होतो, हे राधेला कळले नाही, म्हणून ती वेडी झाली. तिची भूमिका करणाऱ्या स्त्रीला मात्र ते नीट कळले होते, असे मला वाटते. सुचित्रा सेन लोकांची होती. पंचवीस वर्षे तिने चेहरा दिला, डोळे दिले, अश्रू दिले. रोमा ही तिची स्वतःची होती; आणि एके दिवशी तिने सुचित्राचे काम पुरे झाले असे मानून रोमासाठी दार लावून घेतले. मागे वळून न पाहता ती चालत गेली.

आपल्याकडे स्त्रीच्या अशा दार लावण्याला मान नाही. पुरुष निवृत्त झाला, की त्याला विश्रांती मिळाली असे आपण म्हणतो. स्त्री कशातून निवृत्त होणार? २०१३ साली मी अडतीस वर्षांच्या नोकरीनंतर घरी आले. आनंद होता, पण पहिल्याच आठवड्यापासून दाराची कडी वाजू लागली. कोणाचे ब्लडप्रेशर मोजायचे, कोणाला इंजेक्शन द्यायचे, कोणाच्या सासूपाशी रात्री बसायचे. त्यांतले बरेच मी आनंदाने केले, आजही करते. गावात आजारपण आले की माणूस परिचारिकेकडे येणारच, तो तिच्यावरचा विश्वास असतो. परंतु दुपारी दोन ते पाच ही वेळ मी माझी ठेवली. तातडीचे काही नसेल तर त्या वेळेत दार उघडायचे नाही, असे ठरवले. वाचते, पडून राहते, कधी नुसतीच माडांकडे पाहत बसते. “बाय मोठी झाली आता,” असे कोणीतरी म्हटल्याचे कानावर आले. वाईट वाटले, पण वेळ मी बदलली नाही. तीन तासांच्या बंद दाराबद्दल एवढे बोलणे, तर पस्तीस वर्षांच्या बंद दाराबद्दल त्या बाईंना काय काय ऐकावे लागले असेल! त्या विचाराने मला धीर दिला, हे मान्य करायला हवे.

सेवा म्हणजे स्वतःला विसरणे, असे आम्हांला शिकवले गेले. त्या शिकवणीवर माझे सारे आयुष्य उभे आहे आणि मी तिला नावे ठेवणार नाही. मात्र जिला विसरायचे, ती आधी शाबूत तरी असली पाहिजे. रिकाम्या घागरीने कोणाची तहान भागत नाही. आपल्या घरांतील आया, सुना, परिचारिका झालेल्या लेकी दिवसभर कोणाकोणाला चेहरा देत असतात. त्यांना घटकाभर तो उतरवून ठेवायला एखादी खोली, एखादी दुपार मिळते का, हे कुटुंबातील प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारून पाहावे.

डिसेंबर २०१३ मध्ये सुचित्रा सेन यांना श्वसनाच्या विकारामुळे कोलकात्याच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले, आणि १७ जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शासकीय इतमामात, बंदुकांची सलामी देऊन केवडातला स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. रस्त्यावर दुतर्फा गर्दी होती. परंतु ज्या चेहऱ्यासाठी ती लोटली होती, तो तिला पाहायला मिळाला नाही. कुटुंबीयांनी त्यांची इच्छा शेवटपर्यंत राखली.

त्या दिवशी बातम्या पाहताना माझ्या मनात एकच विचार आला. पस्तीस वर्षे छायाचित्रकारांना न दिसलेला तो चेहरा रुग्णालयातील काही परिचारिकांनी रोज पाहिला असेल. पहाटे कोमट पाण्यात कापड भिजवून पुसला असेल, उशी सारखी केली असेल, प्राणवायूच्या नळीने गालाला वळ पडू नये म्हणून कापूस ठेवला असेल. तो कसा दिसत होता, हे त्यांनी कोणाला सांगितल्याचे माझ्या वाचनात आले नाही. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. पण राधेच्या त्या भगिनींनी रोमाचे दार बाहेरून अलगद लावून घेतले, याचा मला माझ्या व्यवसायाच्या वतीने अभिमान वाटतो.